थंड गाडी आणू नये

बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानामागच्या आवारात तेवीस गाड्या रांगेत उभ्या होत्या आणि एकही बंद केलेली नव्हती. तशी परवानगीच नव्हती. फाटकावर पाटी होती : 'गाडी किमान अर्धा तास चालवून आणावी. थंड गाडी आणू नये. प्रवाह तुटतो.' ती वाचून मी समंजसपणे मान डोलावली. मी म्हणजे सव्वीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवणारा आणि दरवर्षी 'चमत्कारामागचे विज्ञान' या विषयावर व्याख्यान ठोकणारा माणूस.

नुसता हात ठेवून गाड्या बऱ्या करणारे स्पर्शगुरू आले. अंगात पांढरीशुभ्र डांगरी, तिच्यावर तेलाचा एक थेंब नाही. इंजिनं बरी करणाऱ्याच्या कपड्यांवर डाग नसेल तर शंका यायला हवी. मला आदर वाटला.

"हायब्रिड गाडी म्हणजे एका घरात दोन कर्ते," गुरू माईकवर म्हणाले. "बॅटरी पृथ्वीतत्त्व, इंजिन अग्नितत्त्व. इंजिन का थडथडतं? त्याला वाटतं, या घरात आपलं कोणी ऐकत नाही. त्याला पाना नको, स्पर्श हवा."

"आमच्याकडे अगदी हेच," माझ्या शेजारचे गृहस्थ डोळे पुसत म्हणाले. ते गाडीबद्दल बोलत होते की घराबद्दल, ते मी विचारलं नाही.

माझी गाडी दोन लाख ऐंशी हजार किलोमीटर धावलेली. रोज सकाळी चालू केली की मिनिटभर अंगात आल्यासारखी हलायची, मग सगळं सुरळीत; डॅशबोर्डवरचा इंजिनचा पिवळा दिवा मात्र लागलेलाच राहायचा. दुसरं काही असतं तर मी चालवून घेतलं असतं, पण सोमवार-बुधवार-शुक्रवार याच गाडीतून मी आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, चाळीस किलोमीटरवर डायलिसिसला नेतो. सकाळी सातची वेळ. ती चुकली तर दुसरी मिळेलच असं नाही.

माझ्या धाकट्या बहिणीचं गॅरेज आहे. तिने स्पार्क प्लग बदलले, कॉइल बदलल्या, फरक शून्य. मग म्हणाली, "दादा, गाडी एक रात्र माझ्याकडे ठेव. सकाळी थंड असताना मला स्वतः चालू करून बघायचीय. आप्पांना माझ्या व्हॅनमधून ने."

"म्हणजे तुला अजून कळलेलं नाही."

"नाही कळलं. म्हणूनच ठेव म्हणतेय."

आता, 'मला कळलेलं नाही' असं सरळ सांगणाऱ्या माणसाला काही येत नाही, असा मी निष्कर्ष काढला आणि ज्याला सगळं कळतं त्याच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.

माझा नंबर आला. गुरूंचे मेव्हणे 'स्टिअरिंगची नाडी बघायला' ड्रायव्हरच्या जागी बसले, खाली वाकले, काहीतरी चाचपलं, मग अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरला. इंजिन गरजलं. गुरूंनी बॉनेटवर दोन्ही तळवे ठेवले, डोळे मिटले.

"शांत हो, बाळा. घर तुझंच आहे."

आठ-दहा सेकंदांत इंजिन गप्प. पिवळा दिवा गेला. गाडी आवाज न करता फाटकापर्यंत सरकली आणि लोकांनी तोंडात बोटं घातली. कोणीतरी माझ्या हातात माईक दिला. मला माईक दिला की मी सोडत नाही, ही जुनी खोड आहे.

"मी विज्ञानाचा शिक्षक आहे," मी म्हणालो. "डोळ्यांनी पाहिलं तेच सांगतोय." टाळ्या पडल्या. रांगेतल्या एका टॅक्सीवाल्या बाईंनी माझं भाषण फोनवर टिपून घेतलं. माझी छाती फुगली.

नंतरचे चार दिवस दिवा लागला नाही. सकाळची थडथड होती, पण ती कमी झालीय असं मी ठरवून टाकलं होतं. शुक्रवारी सकाळी पुलावर गाडी जोरात हलली, मागे पांढरा धूर, समोर लाल दिवा. बॅटरीवर जेमतेम पूल ओलांडला आणि गाडी बसली.

आप्पा मागच्या सीटवर. पाय सुजलेले, श्वास तोकडा. "अरे, थांबलास का?" त्यांनी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही, तेव्हा मी घाबरलो. बहीण व्हॅन घेऊन येईपर्यंत पाऊण तास गेला. पोहोचलो तोवर आप्पांची वेळ गेली होती. दुपारी मशीन रिकामं होईपर्यंत त्यांना ऑक्सिजन लावून बाकावर बसवलं आणि मी शेजारी बसून त्यांच्या छातीकडे बघत राहिलो. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

गाडी ओढून बहिणीच्या गॅरेजमध्ये गेली. तिने रेडिएटरला पंपाने दाब दिला, रात्रभर तसाच ठेवला आणि सकाळी मला बोलावलं. प्लग काढून आत पेन्सिलीएवढा कॅमेरा सोडला.

"बघ. तीन पिस्टन काळेकुट्ट. चौथा?"

"चकचकीत आहे. आणि ओला."

"वाफेने धुतला गेलाय. हेड गॅस्केट गेलंय, दादा, म्हणजे पाणी सिलिंडरबाहेर अडवणारी पट्टी. इंजिन थंड ठेवायचं पाणी रात्री थेंबथेंब सिलिंडरमध्ये उतरतं. सकाळी तिथे ठिणगी पडते, पण जाळ होत नाही. मिनिटभरात ते पाणी उडून जातं, की गाडी गुणी बाळ. दुपारी बघणाऱ्याला काय डोंबल दिसणार? मलाही नाही दिसलं." मग तिने विचारलं, "त्या पाण्याचा, कूलंटचा, डबा कमी होत नव्हता?"

"व्हायचा. दर रविवारी भरत होतो मी. नेमाने. दोन महिने."

"मला सांगितलं नाहीस?"

"त्यात काय सांगायचं? उन्हाने आटत असेल."

"झाकणबंद डब्यातून? मी बघायचे तेव्हा डबा काठोकाठ. पुरावा तूच बुजवत होतास आणि मी गळती शोधत होते."

पदार्थ नाहीसा होत नाही, हे मी दरवर्षी जूनमध्ये फळ्यावर लिहितो. पाणी गेलं कुठे, हा प्रश्न मात्र मला एकाही रविवारी पडला नाही.

"पण गुरूंनी हात ठेवल्यावर इंजिन थांबलं ते?" मी शेवटची काडी धरली.

"मेव्हण्याने पाय उचलला म्हणून थांबलं. गरम हायब्रिड उभी राहिली, बॅटरीत चार्ज असला, की इंजिन आपोआप बंद होतं. तुझी गाडी प्रत्येक सिग्नलला गप्प होते. तिथला हवालदार काय गुरू आहे?" तिने ड्रॉवरमधून अंगठ्याएवढी डबी काढली. "ही स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खुपसायची, फोनवर बटण दाबायचं, बिघाडाची नोंद पुसली, दिवा गेला. गाडीतल्या कॉम्प्युटरने पुन्हा बिघाड मोजेपर्यंत चार दिवस निघतात. गॅस्केट तसंच."

रविवारी मी त्या आवारात गेलो. या खेपेला माईक मागून घ्यावा लागला. तो त्यांनी आनंदाने दिला, त्यांना वाटलं मी पुन्हा गुण गाणार. डबी, पाय, ओला पिस्टन, मी सगळं सांगितलं. गुरू मंद हसले. "श्रद्धा डळमळली की प्रवाह तुटतो."

"मग तुटलेला जोडा," मी म्हणालो. "रात्रभर थंड ठेवलेली एक गाडी उद्या सकाळी इथे ओढून आणतो. मेव्हणे बाहेर उभे राहतील. तुम्ही हात ठेवा, आम्ही ती चालू करू."

गुरूंना सकाळी ध्यान असतं, असं मेव्हण्यांनी कळवलं.

रांगेतून त्या टॅक्सीवाल्या बाई पुढे आल्या. गाडीवर त्यांचं घर चालत होतं. "सर, त्या दिवशी माझा नंबर लागला नाही. तुमचा व्हिडिओ मी माझ्या स्टँडवर सगळ्यांना दाखवला. आज आम्ही सहा जण तुमच्या शब्दावर आलोय. ते खोटं होतं?"

"खोटं नव्हतं बाई, चुकीचं होतं. मी पाहिलं, पण तपासलं नाही. तुमची गाडी कधी हलते?"

"सकाळी. पहिल्यांदा चालू करताना."

"मग सकाळी, पहिल्यांदा चालू करतानाच ती कोणाला तरी दाखवा. कूलंटच्या डब्यातलं पाणी खुणेला आहे का बघा, कमी असेल तर भरण्याआधी कुठे जातंय ते विचारा. दुखणं असतं तेव्हा जो बघत नाही, त्याच्या हाती गाडी देऊ नका, माणूसही देऊ नका. आणि मी सांगतो म्हणून मानू नका. माझं ऐकूनच तर तुम्ही सहा जण आज इथे आलात."

बाईंनी जागेवरच बॉनेट उघडलं आणि त्या डब्यावरची खूण शोधू लागल्या.