वाघोलीच्या घड्याळाची उडी

वाघोलीचं घड्याळ सदाशिव पेठेतल्या घड्याळामागे पडलं आणि तिथल्या संस्थेचे प्रमुख डॉ. समाधान रणपिसे यांना विश्वाचं कोडं सुटल्याचा साक्षात्कार झाला.

ही घड्याळं भिंतीवरची नव्हेत. अणूंच्या ठोक्यांवर चालणारी, लाखो वर्षांत सेकंदभरही न चुकणारी. एक पेठेतल्या संस्थेच्या तळघरात, दुसरं वाघोलीच्या कॉलेजात. दोघांची वेळ जुळते का, हे पाहायचं काम सबा तांबोळीचं. रीत सोपी होती. जमिनीखालून काचेचे दोन धागे गेलेले; एकातून प्रकाशाची खूण जायची, दुसऱ्यातून परत यायची. पूर्ण फेरीचा वेळ निम्मा केला की एका बाजूचा प्रवास कळायचा. खूण इथे सुटल्याची आणि तिथे पोचल्याची वेळ, यांच्या अंतरातून तेवढा वजा केला की उरतो तो घड्याळांमधला फरक. निम्मं करायचं काम संगणकाकडे होतं, त्यामुळे फेरीच्या वेळेकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे.

मंगळवारी धाग्यांची ही लाइन बंद पडली. संध्याकाळी सुरू झाली तेव्हा काहीशे नॅनोसेकंदांचा फरक दिसू लागला. सेकंदाचे शंभर कोटी तुकडे केले, तर त्यातला एक म्हणजे नॅनोसेकंद. रणपिसे सरांना तेवढे पुरले.

"सबा, डार्क मॅटर! न दिसणारं द्रव्य वाघोलीवरून गेलं आणि घड्याळ क्षणभर मंदावलं."

"वाघोलीवरूनच, सर?"

"मग काय तुला विचारून जाईल?"

"आणि लाइन बंद पडली ती?"

"त्याचाच धक्का!"

शुक्रवारी पत्रकार परिषद ठरली. शोधनिबंधावर सबाचं नाव पहिलं असणार होतं, आणि पुढच्याच आठवड्यात कायम नेमणुकीसाठी तिची मुलाखत होती. सहा वर्षं ती तात्पुरतीच होती. तिच्या अम्मीने, अख्तरबानूंनी, निम्म्या मोहल्ल्याला आधीच मिठाई वाटली होती.

गुरुवारी सबा स्कूटरवरून जेवायला घरी निघाली. सकाळी ज्या गल्लीतून आली, ती आता खणलेली. पिवळ्या पाटीवरचा बाण तिला तीन बोळ फिरवून नेऊ लागला. दुसऱ्या बोळात तिने ब्रेक दाबला. प्रकाशाचीही जायची वाट आणि यायची वाट सारखीच, हे तिने गृहीत धरलं होतं. तेही पुण्यात!

ती उलटी फिरली आणि तळघरात येऊन फेरीचा वेळ पाहिला. मंगळवारपासून तो वाढलेला होता. खोदकामात एक धागा तुटला असावा आणि कुणीतरी तो लांबच्या केबलमधून फिरवून जोडला असावा. पण 'असावा'वर शोध मोडता येत नाही. तिने वाघोलीचं घड्याळ सांभाळणाऱ्या राकेशला फोन लावला.

"राकेश, दोन्ही धाग्यांची अदलाबदल कर. मीही इकडे करते. जायचा तो यायचा, यायचा तो जायचा."

"का गं? चालू आहे ते बघवत नाही का तुला?"

फरक खरोखर घड्याळात असता, तर धागे बदलूनही तो तसाच राहिला असता. तो उलटा झाला. आता वाघोली तेवढीच पुढे आणि पेठ मागे. तिने दोन्ही आकडे कागदावर उतरवून घेतले. मग वर सरांच्या खोलीत गेली.

रणपिसे सरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं. धागे होते तसे लाव."

"सर?"

"शनिवारी पुन्हा बदल की. विज्ञान कुठे पळून जातंय?"

"लावते, सर. मग उद्या पत्रकारांसमोरच बदलून दाखवते. डार्क मॅटर आधी वाघोलीवरून, मग सदाशिव पेठेवरून."

सरांनी पत्रकार परिषदेचा कागद ओढला आणि विषय खोडला. शुक्रवारी त्यांनी 'शहरातलं खोदकाम नॅनोसेकंदात टिपणारी यंत्रणा' जाहीर केली. पत्रकारांनी एकच प्रश्न विचारला : खड्डे कधी बुजवणार?

मुलाखतीत समितीच्या अध्यक्षांनी चष्मा सारखा केला.

"आपल्या नावावर एखादा मोठा शोध?"

"एक होता. मीच खोटा ठरवला."

"वा! असा प्रामाणिकपणा दुर्मीळ झालाय हो हल्ली," अध्यक्ष गहिवरून म्हणाले, आणि कायमची जागा दुसऱ्या उमेदवाराला दिली.