कललेला सात

सॅगिनॉच्या मैदानावर जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं, की ओडेसा गेन्झ सकाळी सातलाच हजर. वय अडुसष्ट, गुडघे कुरकुरणारे, पण हातातला लांब दांड्याचा आरसा आणि विजेरी घेऊन ती गाडीखाली अशी सरपटे की तरण्यांनी तोंडात बोट घालावं. कारखान्याने कोणत्या गाडीवर कुठे आकडे ठोकले, हे तिच्याइतकं त्या जिल्ह्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. लोक म्हणत, बाईला नाद आहे. नाद कसला! ते व्रत होतं, आणि व्रताचं कारण एकच माणूस.

तिचा नवरा लूशियस कारखान्यात आकडे ठोकायच्या कामावर होता. त्याच्या साच्यातला सात उजवीकडे कललेला. "माझा सात शनिवारी थोडी घेऊन येतो, म्हणून झुकतो," असं म्हणून तो हसायचा. एकोणसत्तर साली त्याने स्वतःसाठी गाडी मागवली, लाल, लांब नाकाची, आठ सिलिंडरची. ती त्याच्या समोरून सरकली तेव्हा तिचा क्रमांक त्याने आपल्या हाताने ठोकला. १०४७३१. पंधरा वर्षांनी ती गाडी दारातून चोरीला गेली.

चोरीच्या पंधरवडाभर आधीच गॅरेजवाल्या डेल व्होरहीसने गाडीचे ब्रेक दुरुस्त केले होते. किल्ली त्याच्याकडे दोन दिवस होती. चोरीनंतर हाच डेल सफरचंद भरून भाजलेला गोड 'पाय' घेऊन सांत्वनाला आला, ओडेसाच्याच टेबलावर बसून त्याने स्वतः दोन तुकडे खाल्ले. पुढच्या वर्षी त्याच्या गॅरेजात ताडपत्रीखाली एक लाल गाडी दिसू लागली. म्हणे, ओहायोतून मोडकी आणून उभी केली. कागद ठीक, क्रमांक वेगळा. पोलिसांनी खांदे उडवले. शेवटच्या आजारात लूशियस रस्त्यावर जाडसर घरघर ऐकली की उशीवरून मान उचलायचा. "आपली का गं?" अकरा वर्षं झाली त्याला जाऊन, तो प्रश्न काही तिच्या कानातून जाईना.

म्हणून ती शिकली. गाड्या उघडायला, आकडे वाचायला, परीक्षक व्हायला. डेल म्हातारा होईल, त्याला मिरवायची हौस येईल आणि ताडपत्री निघेल, एवढाच तिचा हिशेब. देवाच्या काठीला आवाज नसतो म्हणतात, पण ती काठी धरायला कुणीतरी लागतंच की!

आज ताडपत्री निघाली होती.

"अरे, ओडेसा!" डेल गाडीच्या नाकावर फडकं फिरवत म्हणाला. "तूच तपासणार होय? मग काळजी नको. सोनेरी फीत आणलीस ना?"

"आणलीय. गळ्यात बसते का बघू."

सोनेरी फितीचा, म्हणजे पहिल्या बक्षिसाचा, नियम कडक. हीटरची पेटी काढायची, तिच्यामागे पत्र्याच्या भिंतीवर ठोकलेला क्रमांक वाचायचा. सोबतचा परीक्षक हार्लन, तिच्याच चर्चमधला, त्याने पेटी उतरवली. आकडे होते, डेलच्या कागदावरचेच.

"बघ!" डेल गर्दीकडे वळला. "आईच्या पोटातून आली तशी आहे."

ओडेसाने खिशातलं लोहचुंबक काढलं, आकड्यांवर टेकवलं आणि सोडलं. ते टण्णकन खाली पडलं. बाजूच्या पत्र्यावर टेकवलं, तिथे चिकटून बसलं. हार्लनने तिच्याकडे पाहिलं. तिने डोळ्यांनीच त्याला गप्प केलं.

"मिस्टर व्होरहीस," ती गोड आवाजात म्हणाली, "शेवटचा आकडा पुसट आहे तुमचा. साफ केल्याशिवाय फीत देता येत नाही, आणि त्याला संमतीच्या कागदावर सही लागते. राहू द्या हवं तर, रुपेरी घ्या."

"रुपेरी? मी? आण तो कागद." डेलने न वाचताच सही ठोकली. तिने फडकं काढावं तर तिने काढली गरम हवेची बंदूक.

"ए, ए! हे काय?"

"साफसफाई. 'परीक्षकाला योग्य वाटेल त्या रीतीने.' सही तुमचीच आहे."

"बाई वेडी झालीय! हार्लन, अडव तिला!"

"मी कसा अडवू?" हार्लन मध्ये उभा राहत म्हणाला. "सिस्टर ओडेसाला तर आमचा पास्टरही अडवत नाही."

रंग फुगला, फाटला. खालचं शिसं आधी चमकलं, मग वितळून आसवांसारखं ओघळलं. तिने गरम पत्र्यावरून फडकं ओढलं. जुने आकडे घासायचे कष्टही डेलने घेतले नव्हते, नुसते शिशाने बुजवले होते. आता तेच शिसं खाचांत राहिल्याने काळ्या लोखंडावर रुपेरी आकडे लखलखत होते. एक, शून्य, चार. मग उजवीकडे झुकलेला, शनिवारी घेऊन आलेला सात.

तिने पिशवीतल्या बायबलमधून चोरीच्या जुन्या तक्रारीचा कागद काढला आणि कॉफीच्या गाडीपाशी तिनेच बोलावून ठेवलेल्या पोलिसाला हाक मारली. त्याने कागद पाहिला, पत्रा पाहिला आणि टोपी मागे सारली.

डेलचा चेहरा शिशासारखा झाला. "ओडेसा... चाळीस वर्षं झाली गं. लूशियस असता तर माफ केलं असतं त्याने. तुमच्या चर्चमध्ये क्षमेचीच गाणी म्हणतात ना?"

"म्हणतात. पास्टर असा सूर लावतात की दगडाला पाझर फुटेल. उद्याचं प्रवचन त्यावरच आहे, मी पुढच्या बाकावर असेन." तिने बंदूक बंद केली. "पण उद्या रविवार. आज शनिवार आहे, डेल. त्या सफरचंदाच्या 'पाय'चे किती तुकडे खाल्ले होतेस, आठवतं?"

पोलिसाने डेलच्या हातातली किल्ली काढून घेतली.

"गाडी पुराव्याला न्यावी लागेल, मॅडम," तो म्हणाला. "परत मिळेल, पण वेळ लागेल."

"लागू दे. फक्त एकदा चालू करते."

पोलिसाकडून किल्ली घेऊन ती स्टिअरिंगमागे बसली, किल्ली फिरवली. जाडसर घरघर मैदानभर घुमली. ओडेसाने डोळे मिटले.

"हो रे," ती म्हणाली. "आपलीच."