भेगेवरच्या काचा

मुरुडहून माहूरला पायी जाणारे आम्ही भूकंपाच्या पुढल्या वर्षी नऊ जण होतो. यंदा, सहाव्या वर्षी, तीनशेच्या वर झालो. लातूरच्या शिकवण्यांना मुले घातलेले आईबाप वाटेत येऊन मिळतात. मुलाचा मेडिकलला नंबर लागावा म्हणून चालतात. त्याला माझी हरकत नाही. माझी शंका नांदेडनंतरच्या तिसऱ्या मुक्कामातील सभागृहाविषयी होती.

त्याच्या उत्तरेकडील भिंतीत तिरपी भेग आहे. तंत्रनिकेतनात शिकल्याप्रमाणे पहिल्याच वर्षी मी तिच्यावर आडवी काचपट्टी बसविली, दोन्ही टोके जिप्समने पक्की केली आणि तारीख लिहिली. भिंत हलली की काच तडकते. दरवर्षी ती शाबूत सापडे, म्हणून आम्ही आत झोपत असू.

यंदा दुपारी तीनला पोहोचलो, तर भेगच दिसेना. तिच्यावर साठेक काचा चिकटविल्या होत्या, प्रत्येकीवर कुणा मुलाचे नाव. माझी पट्टी जागेवर होती. पण टोकांना सिमेंट होते आणि तारखेतला चारचा आकडा माझ्या हातचा नव्हता. वर छतावर वाळू आणि विटा रचलेल्या. गर्दी वाढली म्हणून दुसरा मजला चढवायचा होता. भेग लपविण्याचे कारण मला दिसले.

"ज्ञानोबा, माझी काच कोणी बदलली?" मी रखवालदाराला विचारले.

"तुमचीच हाय की, सायेब." तो सतरंज्या झटकत राहिला.

"खरे सांग."

"तडकली हुती. तुमच्या पोरीचा, दीपमालाताईचा, मेडिकलला नंबर लागला तवापासून तुमची काच नवसाची समजून लोक काचा लावून राहिले. फुटका नवस भिंतीवर ठिवू का? म्हून बदलतो."

"फुटलेल्या कुठे आहेत?"

त्याने डालड्याचा डबा आणला. आत एकतीस काचा होत्या. तुकडे टाकून देण्याचे धाडस त्याला झाले नव्हते.

मी सर्वांना बाहेर झोपण्यास सांगितले. कोणी हलले नाही. उदगीरचे शिवशंकर भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, "तुमची पोरगी डॉक्टर होऊन राहिली. आता आमच्या काचा उतरवायच्या, व्हय?"

गुणाबाई पहिल्या नऊ जणांतल्या. भूकंपात त्यांच्या घरातले कोणी उरले नव्हते. त्यांनी विचारले, "भाऊ, म्या हितं निजत हुते ते तुमच्या काचंच्या भरवशावर?"

"हो."

"अन् ती फुटली हुती?"

"फुटली होती."

त्यांनी वाकळ गुंडाळली. दारातून शिवशंकरांना म्हणाल्या, "भूकंपात तुमच्याकडं निसती भांडी वाजली असतील, दादा." आणि समोरच्या कापलेल्या सोयाबीनच्या रानात जाऊन बसल्या. मग एकेक गाठोडे उचलले जाऊ लागले.

शिवशंकर उठले नाहीत. डोक्यावरच्या काचेकडे बोट करून म्हणाले, "ही माझ्या मुलाची. गेल्या वर्षी लावली. बघा, चरासुद्धा न्हाई."

ज्ञानोबा डबा पोटाशी धरून उभा होता. "ती बी बदलली म्या," तो म्हणाला.

"किती येळा?" शिवशंकरांनी विचारले.

"दोनदा. दुसऱ्यांदा परवा."

शिवशंकर भिंतीला हात न लावता उठले.