हळू बोलणाऱ्यांचा मोरचंग

मित्रांनो, ज्या दिवसापासून मला माझी गोष्ट सांगायची आहे, त्या दिवशी काहीच घडले नाही. ऊन चांगले पडले होते. फुए दारात ठोकळ्यावर बसून मक्याची कणसे सोलत होता. त्याची मुलगी गाओली आदल्या संध्याकाळच्या बसने लुआंग प्रबांग शहरातून आली होती. घरात फुएची बायको पाकू मोहरीची भाजी चिरता चिरता शेजारणीच्या डुकराची तक्रार सांगत होती आणि नेहमीप्रमाणे तिला कोणी उत्तर देत नव्हते.

"दोघं बापलेक दगडाचे आहात," ती आतून ओरडली. "मी मेले तर या घरात कोंबडेसुद्धा कुजबुजत आरवतील."

फुए हसला. त्याने मला वेळूच्या नळीतून काढले, सदऱ्याच्या टोकाने पुसले आणि गाओलीच्या हातात दिले. ती मला घेऊन घरामागे गेली, ओठांशी धरले आणि माझ्यातून म्हणाली, "बाबा, मला एक जण भेटलाय." मग पुन्हा तेच म्हणाली. परत येऊन वडिलांसमोर उभी राहिली.

"बाबा..."

"हं?"

"काही नाही. चहा ठेवू?"

"ठेव."

एवढेच. दुसऱ्या दिवशी सकाळी फुए उठला नाही.

मी एक जुना मोरचंग आहे. बोटाएवढी पितळेची पट्टी, तिच्या मधोमध कापलेली एक पातळ जीभ. लाओसच्या डोंगरांतल्या आम्हा हमोंग लोकांत मला ओठांशी धरतात, टोक अंगठ्याने छेडतात आणि तोंडातल्या तोंडात शब्द घडवतात. बोलणाऱ्याचा आवाज बाहेर येत नाही, माझा येतो. आणि तो इतका बारीक असतो की ज्याच्यासाठी आहे त्यालाच कळावा.

माझे पितळ युद्धानंतर शेतात सापडलेल्या एका काडतुसाचे आहे. नोंगहेत गावच्या लोहाराने ते ठोकून सपाट केले, चाकूने माझी जीभ खरवडली, वाजवून पाहिली, मान हलवली, पुन्हा खरवडली. जे पितळ एकदा फार मोठ्याने बोलले होते, त्याला त्या माणसाने हळू बोलायला शिकवले. मला त्याचा अजून अभिमान वाटतो.

फुएने मला विकत घेतले तेव्हा तो विशीत होता आणि माणसांना घाबरत होता. भित्रा नव्हता तो. अस्वलाच्या वाटेने एकटा जायचा. पण चार अनोळखी माणसांत उभे राहिले की त्याचे शब्द घशातच बसून राहत. आणि आमच्याकडे तर लग्न जुळायचे म्हणजे नववर्षाच्या मैदानावर जावे लागते. मुलगे एका रांगेत, मुली समोरच्या रांगेत. मध्ये कापडाचा चेंडू इकडून तिकडे जातो आणि त्याबरोबर गप्पा, गाणी, टोमणे. ज्याच्या हातून चेंडू पडेल त्याने गाणे म्हणायचे.

फुएच्या हातून चेंडू कधीच पडला नाही. गाणे म्हणावे लागू नये म्हणून तो जिवाच्या आकांताने झेलायचा.

त्या वर्षी समोर पाकू उभी होती. तिने त्याच्याकडे चेंडू टाकला, त्याने परत टाकला. ती बोलत राहिली, तो झेलत राहिला. तिला बरे वाटले असावे, कारण तिचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेणारा तिला पहिल्यांदाच भेटला होता. पण दुपारी तिची मैत्रीण तिच्या कानाला लागली.

"अगं वेडे, तो वांगांच्या पोरांबरोबर आलाय. तूही वांग. भाऊ लागतो तुझा!"

आमच्यात एका कुळाची मुले-मुली भावंडे मानली जातात. त्यांनी एकमेकांकडे चेंडू टाकणेसुद्धा हसू करून घेण्यासारखे. म्हणून तर ओळख होताच आधी कूळ विचारतात. पाकूने बोलण्याच्या नादात विचारले नाही, आणि न विचारता सांगायचे फुएला जमले नाही. खरे तर तो शियोंग कुळाचा. वांग होते त्याचे मामा; त्यांच्याकडे पाहुणा आला होता म्हणून मामेभावांच्या रांगेत उभा राहिला, एवढेच.

"माफ कर हं, दादा!" पाकू मैदानाच्या त्या टोकावरून हसत ओरडली आणि दुसऱ्या रांगेकडे गेली.

एक शब्द. शियोंग. तेवढा म्हटला असता तरी पुरले असते. तो तिच्या मागे चार पावले गेला, तोंड उघडले आणि परत आला. उरलेला मेळा त्याने ती दुसऱ्यांकडे चेंडू टाकताना बघण्यात काढला. मामेभाऊ म्हणाले, "जाऊ दे रे, मुलींचा काय दुष्काळ पडलाय?" त्या रांगेत गप्प उभ्या असलेल्या मुलावर आयुष्यभराचे माणूस गमावायची वेळ आली होती, हे फक्त मला ठाऊक होते. मी त्याच्या खिशात होतो आणि त्याची मूठ माझ्याभोवती आवळलेली होती.

मेळा संपला त्या दिवशी दिवेलागणीला तो पाकूच्या घरामागे गेला. फळ्यांच्या भिंतीशी, ती झोपायची त्या बाजूला उभा राहिला. प्रेमाच्या गोष्टी भिंतीतून सांगायची आमची रीतच आहे. त्यासाठीच तर मी. इतर मुलगे माझ्यातून चंद्राच्या, फुलांच्या गोष्टी करतात. फुए म्हणाला, "मी शियोंग आहे. मी शियोंग आहे. मी तुझा भाऊ नाही." श्वास घेतला आणि पुन्हा तेच.

भिंतीपलीकडे कोणी तरी कूस बदलली. मग पाकूचा आवाज आला, आणि तिला कुजबुजणे कधीच आले नाही. "मग हे मैदानावर सांगायला काय तोंड शिवलं होतं तुझं?"

आतून तिची आई म्हणाली, "कोण आहे गं?"

"शियोंग आहे!" पाकू सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "आपला नाही. चालेल!"

मित्रांनो, त्यानंतरची माझी वर्षे सुखाची गेली. फुए संध्याकाळी चुलीपाशी मला वाजवायचा. पाकू म्हणायची, "बोला आता, काय म्हणणं आहे तुमचं?" आणि काम थांबवून ऐकायची. दिवसभर न थांबणारी ती बाई तेवढ्यापुरती थांबायची. मग फोन आले. पोरे मैदानावर एका हाताने चेंडू आणि दुसऱ्या हाताने फोन धरू लागली. मी नळीतच राहू लागलो. अंगावर हिरवट डाग आले. त्याचे मला वाईट वाटले नाही असे म्हणणार नाही.

गाओली बापावर गेली. शहरात चष्म्याच्या दुकानात काम करू लागली, कारण तिथे माणसे एकेकटी येतात. नव्या ओळखी होतात म्हणून तिने फोनवर एका ठिकाणी नाव नोंदवले. कोणी 'कशी आहेस' असे लिहिले की ती उत्तर लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची. तोवर समोरचा निघून गेलेला असायचा. काही जणांना ती भेटलीही. भेटून आली की दोन दिवस तिला कोणाशी बोलवत नसे. घरी आली की फुए एवढेच विचारायचा, "जेवलीस?"

एकदा मायआत्याने, म्हणजे फुएच्या थोरल्या बहिणीने, एक स्थळ थेट घरीच आणले. पाहुणे तिघे, बोलणारे तिघेही. गाओली भाताची टोपली धरून बसून राहिली.

"चौतिशी आली," आत्या म्हणाली, "आणि हिला देवाने जीभच दिली नाही!"

फुए भाताचा घास वळत म्हणाला, "जीभ आहे तिला, ताई. तुमच्या बोलण्यात जागा सापडली की बोलेल."

पाहुणे गेल्यावर पाकूसुद्धा त्याच्यावर चिडली. तो म्हणाला, "तिला वेळ लागतो. मलाही लागला होता. तू थांबली नसतीस तर?"

मी बरीच माणसे पाहिली. इतक्या कमी शब्दांत कोणाची इतकी पाठराखण करणारा माणूस दुसरा पाहिला नाही.

आणि वेळ लागला, पण भेटला. तेंग नावाचा, थाओ कुळाचा. चष्म्याची दांडी बसवून घ्यायला आला आणि मग दांडी नीट असतानाही येत राहिला. दोघे नदीकाठी बाकावर बसून शेवयांचे सूप खातात आणि अर्धा अर्धा तास काही बोलत नाहीत. त्या शांततेत आपल्याला दम लागत नाही, हे गाओलीच्या लक्षात आले. हेच वडिलांना सांगायला ती आली होती.

मित्रांनो, माझी जीभ फार पातळ आहे. जोराने ओढली तर वाकते, आणि वाकलेली सरळ होत नाही. म्हणून मला हलक्या हाताने धरावे लागते आणि ऐकायला जवळ यावे लागते. तुमच्या घरातही कोणी तरी असेल, पाहुणे आले की मागच्या दाराने जाणारे. त्याला हाका मारून पुढे ओढू नका. जवळ जाऊन बसा. त्याच्याकडे सांगण्यासारखे बरेच असते.

फुएला निरोप द्यायला सगळी वस्ती लोटली. ढोल वाजत होता, वेळूचा पावा त्याच्या जिवाला पूर्वजांकडची वाट दाखवत होता. मग जेवणासाठी वाजवणारे थांबले आणि घर एकदम गप्प झाले. पाकूसुद्धा. गाओली शवपेटीपाशी आली. मी तिच्या मुठीत होतो. मला वाटले, आता ती मला ओठांशी धरेल. तिने मला बाजूच्या पाटावर ठेवले.

आत्या होती, मामा होते, अनोळखी माणसे दारापर्यंत उभी होती.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली. आवाज चिरकला, म्हणून तिने पुन्हा सुरुवात केली. "बाबा, मला एक जण भेटलाय. फार बोलत नाही. मला आवडतो. सगळे मला ढकलत होते, तुम्ही एकट्यांनी कधीच घाई केली नाहीत. म्हणून तो मला भेटला, बाबा. तुमच्यामुळे भेटला."