सोबिर उस्तादांचा ठसा

मित्रांनो, मी एक जुना ठसा आहे. जर्दाळूच्या लाकडाची मूठ आणि खाली लोखंडी खिळ्यांचे फूल. आमच्या मर्गिलान शहरात तंदुरात जाण्याआधी प्रत्येक नानच्या मधोमध ठसा उमटवतात. नान भाजणाऱ्या सोबिर उस्तादांच्या आजोबांनी मला घडवले. उस्ताद ज्याला चारचौघांत आशीर्वाद देईल त्यानेच मला हाती धरायचे, अशी घराची रीत. तिचा मला केवढा तोरा होता म्हणून सांगू!

पण दोन वर्षांपूर्वी उस्तादांचे हात थरथरू लागले. माझे फूल फिसकटू लागले. मग आतल्या खोलीत त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा एल्योर मला गुपचूप चालवू लागला. गल्लीत कुणाला पत्ता नव्हता.

एके दिवशी उजाडताना कालव्यावर एका शिंप्याचा खून झाला. आदल्या दिवशी एल्योरचे त्याच्याशी कडाक्याचे भांडण झाले होते. पोलिसांनी त्यालाच धरले. "मी तेव्हा नानवर ठसे उमटवत होतो," तो म्हणाला. पोलिसांनी उस्तादांना विचारले. ते ताठ मानेने म्हणाले, "माझ्या ठशाला दुसऱ्या कुणाचा हात लागत नाही!"

ते ऐकून मीही फुशारलो. आज त्याची लाज वाटते. पोर तुरुंगात गेले.

"अहो, तुमची ऐट घाला त्या तंदुरात!" त्याची आई मुहय्यो कडाडली. "पोटचा गोळा चाललाय माझा!"

उस्तादांनी कोर्टात खरे सांगितले. न्यायाधीश म्हणाले, "आता पोराला वाचवायला काहीही बोलाल."

तेव्हा शेजारच्या हुरीखाला उठल्या. खून झाला त्याच सकाळी त्यांचा मुलगा सैन्यात गेला होता. जाणाऱ्याने नानचा एक घास खायचा आणि उरलेला नान तो परतेपर्यंत भिंतीवर टांगायचा, ही आमची चाल. मध्येच उतरवणे म्हणजे मोठा अपशकुन. खालांनी तो उतरवून आणला होता.

"उजाडताना यांच्या खिडकीतून गरमगरम घेतला मी. माझं लेकरू अल्लाच्या हवाली. हे तरी सुटू द्या."

न्यायाधीशांनी कणीक मागवली. उस्तादांनी मला दाबले, फूल फिसकटले. मग एल्योरने दाबले. हुबेहूब खालांच्या नानवरचे फूल! अभिमानाने माझा खिळा न् खिळा ताठ झाला.

एल्योर सुटला. उस्तादांनी भरल्या कोर्टात थरथरते हात उंचावून त्याला आशीर्वाद दिला. "लोकहो, दोन वर्षं तुम्ही याच्या हातचं खाताय. उस्ताद हा आहे!"

मित्रांनो, माझ्या खिळ्यांत अडकलेली कणीक रोज काढत जा, मुठीला तेल लावा. आणि काम ज्याच्या हातचे असेल, त्याचे नाव वेळेवर घ्या.