जानरावचं अक्षर

शकुनने पव्व्याचं बूच फिरवलं आणि स्टीलच्या पेल्यात दोन बोटं देशी ओतली. बोटं पेल्याला बाहेरून लावून तिने मोजली होती. पेला जानरावसमोर ठेवला आणि बाटली पदराआड धरली.

सकाळचे साडेसात वाजले होते. जानराव भिंतीला टेकून बसला होता. पुढ्यात पाट, पाटावर रेघांचा फुलस्केप कागद आणि निळं पेन. पेन त्याने दोनदा उचलून खाली ठेवलं होतं. दुसऱ्या वेळी कागदावर एक वाकडा ओरखडा उठला, तेव्हा तो कागद बाजूला सारून त्याने नवा घेतला होता.

"एवढ्यानं नाई होत," तो पेल्याकडे पाहत म्हणाला.

"पत्र झालं का मंग अजून देईन."

त्याने पेला एका दमात संपवला, डोळे मिटले आणि दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले. शकुन समोर बसून राहिली. पंधरा-वीस मिनिटांनी त्याने उजवा हात डोळ्यांसमोर आडवा धरून पाहिला. बोटं स्थिर होती.

"सांग," तो म्हणाला. "कोनाच्या नावानं?"

"तुमच्या."

जानरावने मान हलवली आणि कागदाला समास सोडला.

दर्यापूरच्या तहसील कचेरीसमोर, कडुनिंबाखाली, तो एकवीस वर्षं अर्ज लिहीत होता. जानराव तायडेच्या हातचा अर्ज दुसऱ्यांदा वाचावा लागत नाही, असं कचेरीतले बाबू म्हणत. अक्षर गोल, ओळ सरळ, खाडाखोड नाही. अलीकडच्या तीन-चार वर्षांत, म्हणजे दोन हजार तीन-चारपासून, त्याच्याकडे एकाच तऱ्हेचे अर्ज जास्त येऊ लागले होते, जीव दिलेल्या शेतकऱ्यांच्या बायकांचे, सरकारी मदतीसाठी. बाई यायची, सोबत दीर नाहीतर बाप असायचा. जानराव नाव, गाव, वय आणि तारीख विचारायचा. बाकीचं विचारावं लागत नसे. अर्जदार हिचे पती मयत अमुक अमुक, इथून सुरुवात व्हायची आणि मयतास कोणतेही व्यसन नव्हते, हे वाक्य प्रत्येक अर्जात असायचं. चौकशीत दारूचं नाव निघालं की प्रकरण मागे पडतं, असं निंबाखालच्या सगळ्यांनाच वाटे. ज्यांच्यासोबत तो स्वतः प्यायला बसला होता, त्यांच्यासाठीही जानरावने ते वाक्य तसंच लिहिलं होतं.

आधी तो असा अर्ज लिहून झाल्यावर प्यायचा. मग लिहायच्या आधी पिऊ लागला. आता घेतल्याशिवाय पेन कागदावर उभं राहत नव्हतं. हा क्रम बदलताना शकुनने पाहिला होता. रोज सकाळी ती त्याची पेटी, कार्बन आणि शाईचा पॅड निंबाखाली मांडून यायची आणि कोणी विचारलंच तर, चहाला गेले, असं सांगायची.

गेले पाच शनिवार ती अमरावतीला जात होती. तिथल्या व्यसनमुक्ती केंद्रात घरच्या माणसांची वेगळी बैठक असे. रश्मी नावाची तरुण समुपदेशक ती घ्यायची. केशवराव नावाचे निवृत्त मास्तर नांदगाव खंडेश्वरहून यायचे, त्यांचे दोन्ही मुलगे पिणारे. धामणगावची सितारा भावासाठी यायची. मोहल्ल्यात ती दातांच्या डॉक्टरकडे जाते असं सांगत असे. पाच महिने झाले, आता लोकांना वाटत असेल हिच्या तोंडात एक दात उरला नाही, असं ती स्वतःच सांगून हसायची. तिथे शकुन शिकली, की पिणाऱ्याच्या वतीने खोटं बोलायचं नाही, त्याच्या मागे धावायचं नाही आणि स्वतःच्या हाताने त्याला ओतून तर कधीच द्यायचं नाही.

मागच्या शनिवारी रश्मीने सांगितलं, पुढच्या आठवड्यात एक खाट रिकामी होते आहे. जानरावने स्वतःहून यायचं. त्या सकाळी पिऊन यायचं नाही, त्रास झाला तर डॉक्टर आहेत. शकुनने त्याला उद्देशून एक पत्र लिहून आणायचं आणि सगळ्यांसमोर वाचायचं. बोलायला गेलं की भांडण होतं, पत्राशी माणूस भांडत नाही. ते ऐकून झाल्यावर त्याने शुद्धीत, आपल्या हाताने भरतीच्या फॉर्मवर सही करायची. ही खाट गेली तर पुढची दिवाळीनंतर.

शकुनने मान डोलावली. तिला लिहिता येत नाही हे तिथे कोणाला ठाऊक नव्हतं, कारण हजेरीच्या वहीत ती आपलं नाव लिहायची. तीन अक्षरं. लग्नाच्या पहिल्या वर्षी जानरावने ती तिच्याकडून गिरवून घेतली होती. अर्जनविसाची बायको अंगठा देते, असं कोणी म्हणायला नको. त्यापुढे त्याने शिकवलं नाही आणि तिने विचारलं नाही.

लेक अकोल्याला, सासरी. शेजारच्या दहावीतल्या पोरीला सांगावं तर संध्याकाळपर्यंत गल्लीला पाठ झालं असतं. गुरुवारी शकुनने सगळं जानरावलाच सांगितलं. तो बराच वेळ चपलेचा अंगठा नीट करत राहिला.

"घरात लिवनारा असून बाहीर कावून जातं?" तो शेवटी म्हणाला. शनिवारी सोबत येतो, असंही म्हणाला.

म्हणून आज, शुक्रवारी सकाळी, शकुन स्वतः जाऊन पव्वा घेऊन आली होती. आयुष्यात पहिल्यांदा.

"लिवा, मी थकली," ती म्हणाली.

जानरावने लिहिलं आणि वाचून दाखवलं, "अर्जदार अत्यंत त्रस्त झालेली आहे."

"तसं नोका लिवू. मी म्हनली तसं लिवा."

"तसंच हाय ते. कागदावर असंच लिवतात."

तिने वाद घातला नाही. एकेक आठवून सांगत गेली. लेकीच्या साखरपुड्याला निघालेला तो जीपमध्ये झोपून अकोटला जाऊन पोचला, आणि नवऱ्या मुलीची साडी त्याच्या मांडीवर होती. येवद्याची शालू अर्जासाठी दुपारी चारपर्यंत निंबाखाली बसून राहिली, तो आलाच नाही, तिच्या अर्जाची शेवटची तारीख गेली. हे सांगताना ती थांबली. तो मान वर न करता म्हणाला,

"तिचं नाव टाकू?"

"टाका."

त्याने टाकलं. दोन पानं भरली. खाडाखोड कुठेच नव्हती. मग रिवाजाप्रमाणे त्याने सगळं वाचून दाखवलं, कचेरीसमोर वाचतो त्याच आवाजात, आणि शेवटी विचारलं, बरोबर आहे? शकुन म्हणाली, बरोबर. त्याने बोट ठेवलं तिथे तिने आपली तीन अक्षरं काढली. मग कबूल केल्याप्रमाणे पेल्यात आणखी एक बोट ओतलं.

शनिवारी त्याने खरोखरच घेतली नाही. अमरावतीच्या जीपमध्ये तो दोन्ही हात काखेत दाबून बसला होता. वाटेत दोनदा जीप थांबवावी लागली. दुसऱ्या वेळी मागच्या सीटवरचा माणूस म्हणाला, काकाजीला ऊन लागलं वाटते. ऑक्टोबरातली सकाळ होती. शकुनने त्याला हो म्हटलं नाही. खोटं बोलायचं नाही, हे तिला आठवत होतं.

बैठकीत आज खुर्च्या गोल मांडल्या होत्या. जानरावला शकुनच्या समोरची खुर्ची मिळाली. रश्मीने तो आला याबद्दल त्याचं नाव घेऊन आभार मानले आणि शकुनकडे पाहिलं. शकुनने पिशवीतून पत्र काढलं, उघडलं आणि तसंच रश्मीपुढे धरलं.

"मले वाचता नाई येत, मॅडम."

रश्मीने पुढे वाकून कागद घेतला.

"किती सुंदर अक्षर आहे. कोणाकडून लिहून घेतलं?"

"त्यायनंच लिवलं."

सगळे जानरावकडे वळले.

"म्हंजे मुल्जिमानंच फैसला लिवला," सितारा म्हणाली. केशवरावही हसले. जानरावच्या ओठांवरसुद्धा काहीतरी हललं.

रश्मी वाचू लागली. "अर्जदार शकुन जानराव तायडे, वय बेचाळीस वर्षे, राहणार दर्यापूर. अर्जदार हिचे पती मयत—"

ती थांबली.

शुक्रवारी त्याने वाचून दाखवलं तेव्हा हा शब्द नव्हता. शकुनला खात्री होती. पेटी मांडायला गेली की ती तिथेच थोडी बसायची, असे अर्ज तिने शेकडो ऐकले होते. तो शब्द तिच्या कानातून सुटला नसता.

"सवय हाय," जानराव म्हणाला. "हात आपल्या आपन लिवते ते."

केशवराव आपल्या चपलांकडे पाहत होते. रश्मी तो शब्द गाळून पुढे वाचू लागली. जीप आली, साडी आली, येवद्याची शालू आली. तो शब्द आणखी दोन ठिकाणी होता. दोन्ही वेळा रश्मी किंचित अडखळली, आणि दुसऱ्या वेळेपर्यंत ते अडखळणं कशाचं आहे हे खोलीतल्या प्रत्येकाला कळलं होतं. जानराव शेवटपर्यंत ऐकत होता. आपलं लिखाण दुसऱ्याने वाचताना माणूस चूक शोधत ऐकतो, तसा.

वाचून झाल्यावर रश्मीने भरतीचा फॉर्म त्याच्यापुढे टेबलावर ठेवला आणि पेन दिलं. जानरावने खुर्ची पुढे ओढली. डाव्या हाताने उजव्याचं मनगट धरलं. पेनाचं टोक रेघेवर टेकलं, उडालं, पुन्हा टेकलं. ज चा अर्धा वाकडा भाग उमटला आणि पेन फॉर्मच्या कडेपर्यंत घसरत गेलं. रश्मीने दुसरा फॉर्म दिला. त्यावर तेवढंही उमटलं नाही.

तिने टेबलाचा खण उघडला आणि शाईचा पॅड बाहेर काढला.

"अंगठा चालतो, काका. पहिल्या दिवशी पुष्कळ जणांचा हात असाच असतो."

जानराव पॅडकडे पाहत राहिला. एकवीस वर्षं त्याने लोकांचे अंगठे धरून अशाच पॅडवर टेकवले होते, डावीकडून उजवीकडे फिरवून, ठसा फिसकटू नये म्हणून श्वास रोखायला सांगून.

"नियमात हाय?" त्याने विचारलं.

"आहे."

"तोंड धुऊन येतो. दोन मिनिटं."

तो उठला. दारातून जाताना त्याने चौकटीला हात लावला. शकुन खुर्चीतून अर्धवट उठली आणि पुन्हा बसली. मागे धावायचं नाही, हे ती याच खोलीत शिकली होती. तिने रश्मीकडे पाहिलं. रश्मीने मान हलवली, की बरोबर करता आहात.

वीस मिनिटांनी केशवराव फाटकापर्यंत जाऊन आले. चौकीदाराने जानरावला स्टॅण्डच्या रस्त्याने जाताना पाहिलं होतं. सितारा आपली खुर्ची उचलून शकुनजवळ घेऊन आली आणि बसली. पॅड उघडाच होता. थोड्या वेळाने रश्मीने त्याचं झाकण लावलं. खाट संध्याकाळी पाचपर्यंत ठेवते, ती म्हणाली. त्यानंतर दुसऱ्याला द्यावी लागेल.

साडेचार वाजले तेव्हा खोलीत शकुन आणि रश्मी दोघीच होत्या. रश्मीने पत्र पुन्हा उघडून टेबलावर पसरलं.

"ताई, हे जपून ठेवा. पुढच्या वेळी लागेल. फक्त तो एक शब्द मी खोडून देते. तीनच ठिकाणी आहे." तिने पेनाचं टोपण काढलं.

शकुनने पुढे होऊन कागदावर तळहात ठेवला.

"नोका खोडू, मॅडम."

"अहो, पण तो—"

"ठाऊक हाय मले." तिने कागद ओढून घेतला आणि त्याच्याच घड्यांवर दुमडला. "हा शब्द खरा झाला, तवा मले कोन लिवून देईन?"