ललिताच्या वाट्याचं गाव

सोमवारी सकाळी अकरा वाजता ललिता दुसाने हिनं नकाशाच्या यादीतून आपल्या वडिलांचं नाव काढलं, आणि अकरा वाजून पाच मिनिटांनी वडिलांना स्वतःचं घर दिसेनासं झालं.

यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. हरणतळे नगरपरिषदेनं गावाचा नकाशा संगणकावर आणल्यापासून असंच चालत आलं होतं. नकाशाला थर होते. घरांचा एक, रस्त्यांचा एक, झाडांचा एक. ज्याच्या नावापुढे ज्या थराची खूण, त्याला तेवढंच गाव दिसे. अधिकाऱ्यांना जमिनीखालचे नळसुद्धा दिसत, त्यामुळे मुख्याधिकारी पाठराबे साहेब रस्त्यानं नेहमी खाली मान घालून चालत. नागरिकांना नळ दिसत नसत आणि त्यावाचून त्यांचं काही अडत नसे. खुणा करायचं काम ललिताकडे होतं. नऊ वर्षांत तिच्या हातून एक खूण चुकली नव्हती.

त्या दिवशीचा आदेश साधा होता. निवृत्त माणसांना कर्मचाऱ्यांच्या यादीतून वगळावं. एकतीस नावं होती, आणि एकोणिसावं तिच्या वडिलांचं, एकनाथ दुसाने. अण्णा तीस वर्षं नगरपरिषदेचे भूमापक होते. त्यांनी मोजणीची साखळी टाकली नाही असा एक बांध गावात सापडला नसता. एका यादीतून काढलेलं नाव आपोआप नागरिकांच्या यादीत जाईल, असं ललिताला वाटलं होतं. बाकीची तीस गेली. अण्णांचं गेलं नाही.

दुपारी शेजारच्या मोरणकर काकूंचा फोन आला.

"ललिता, अण्णा आमच्या पायरीवर बसलेत गं. त्यांना तुमचं घर दिसत नाहीये म्हणतात."

ललिता धावत गेली. अण्णा मेथीची जुडी मांडीवर घेऊन शांत बसले होते.

"ललू, इथं आपलं घर होतं ना?"

"आहे अण्णा. समोरच आहे."

"असेल. मला मोकळं रान दिसतंय. तसं छान आहे, वारा लागतो."

मग ते उठले आणि मोरणकरांच्या पायरीपासून मनाशी पावलं मोजत निघाले. चौदाव्या पावलाला उजवीकडे वळले, हात पुढे केला आणि बरोबर कडीवर ठेवला. जेवताना मात्र त्यांनी छत्री उघडून धरली. त्यांच्या डोक्यावर छप्पर नव्हतं आणि ऊन कडक होतं. ललितानं एका हातानं छत्री धरली, म्हणजे त्यांना भाकरी मोडता येईल.

दुसऱ्या दिवशी तिनं त्यांचा नागरिकत्वाचा अर्ज भरला. अर्जाला फोटो हवा होता. अर्जदारानं राहत्या घराच्या दारात उभं राहून, स्वतःच्याच फोनवर काढलेला. फोटो आला तेव्हा त्यात उघड्या माळावर अण्णा हसत उभे होते, आणि एक हात हवेत कशावर तरी टेकला होता.

पाठराबे साहेबांनी फोटो बराच वेळ पाहिला.

"दुसाने मॅडम, यात घर कुठंय?"

"त्यांच्या मागं, साहेब."

"मला माहीत आहे हो. त्या घरात मी चहा प्यायलोय. पण फोटोत नाही ना." त्यांनी चष्मा काढून पुसला. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "आणि जो कुठल्याच यादीत नाही, त्याचा दर सोमवारी एकेक थर जाणार. पुढं रस्ते. मग झाडं. तुम्हीच तर बसवलंय ते."

तिनंच बसवलं होतं. नीट बसवलं होतं, त्यामुळे त्यात फट सापडेना; यादीत नाव नसलेल्यापुढे खूणही करता येत नव्हती. तीन दिवस ती शोधत राहिली. चौथ्या दिवशी यादीच्या पानाच्या अगदी तळाशी एक विसरलेलं बटण दिसलं. 'आपला थर दुसऱ्यास द्या.' नऊ वर्षांत ते कुणी दाबलं नव्हतं. ललितानं घरांचा थर निवडला, समोर अण्णांचं नाव लिहिलं आणि दाबलं. तिच्याभोवतीच्या भिंती गेल्या. खुर्च्या, टेबलं, संगणक कुठल्याच थरात मोडत नव्हते, ते उघड्यावर मांडल्यासारखे तसेच राहिले.

फोन वाजला. "ललू! अगं, दिसलं! दाराला पिवळा रंग कधी दिलास?"

"दिवाळीला, अण्णा. तुम्हीच निवडला होता."

"माझी निवड चांगली आहे मग."

पुढच्या सोमवारी त्यांचे रस्ते गेले, आणि तिनं आपले दिले. त्याच्या पुढच्या सोमवारी झाडं गेली. तीही तिनं दिली. आता अण्णाच तिला कोपराला धरून कचेरीत आणून सोडत आणि संध्याकाळी न्यायला येत. वाटेत ते बोलत राहत. "डावीकडे सव्वातीन मीटरवर पांगारा आहे. सगळा फुललाय. त्याच्या खाली टेलरची बायको उभी आहे, ती तुला दिसतेय ना?" ललिताला ती दिसायची, पांढऱ्या कोऱ्या जागेत, साडीच्या निऱ्या सावरत. पांगारा दिसायचा नाही. तरी इतकी वर्षं या वाटेनं जाऊन आपण तो कधी पाहिला नव्हता, हे तिच्या आत्ताच ध्यानात आलं. वाट संपू नये असं तिला वाटे. कधीकधी ती मुद्दाम चुकीच्या बाजूला पाऊल टाकी, म्हणजे अण्णा कोपर घट्ट धरत.

चौथ्या सोमवारी यादीत शेवटचा थर राहिला होता. माणसं.

अण्णा त्या दिवशी कचेरीत तिच्या शेजारी स्टुलावर बसून राहिले. पाच वाजता त्यांना माणसं दिसणं बंद होणार होतं.

"हा नको देऊस," ते म्हणाले.

"का?"

"दिलास तर मी तुला दिसणार नाही."

"नाही दिला तर मी तुम्हाला दिसणार नाही."

"मी म्हातारा माणूस आहे. मला आता असं किती दिवस बघायचंय? आणि तुझा चेहरा मला पाठ आहे. कपाळापासून हनुवटीपर्यंत मोजून देऊ शकतो."

"मोजून काय करू, अण्णा? मी आजारी पडले तर कळणार कसं तुम्हाला? तुम्ही चेहरा बघूनच ओळखता."

त्यांनी तिच्या वेणीतला सुटलेला केस मागे सारला. ललितानं त्यांच्याकडे नीट पाहून घेतलं. भुवईतला लांब पांढरा केस, दाढी करताना राहिलेला गालावरचा पट्टा, सदऱ्याचं दुसऱ्या काजात गेलेलं पहिलं बटण. ते तिनं काढून नीट लावलं. मग पाच वाजायला दोन मिनिटं असताना तिनं पडद्यावरचं बटण दाबलं.

सगळं पांढरं झालं. स्टूल होतं, स्टुलावर कुणी नव्हतं. पण तिच्या हातात हात होता, कारण स्पर्शाचा थर कुणी केलाच नव्हता.

"रडू नकोस," अण्णांचा आवाज म्हणाला. "मला दिसतंय. चल, घरी जाऊ."

ते निघाले. अण्णा सांगत होते आणि ती चालत होती. जिना, नऊ पायऱ्या. फाटक. साहेब समोरून येताहेत, नमस्कार कर. ललितानं पांढऱ्याला नमस्कार केला आणि पांढऱ्यातून साहेबांचं "नमस्कार, नमस्कार" आलं. पोस्ट. पिठाची गिरणी. ही वाट तिला पावलांनी ठाऊक होती. गिरणीनंतर डावीकडे वळायचं. अण्णा वळले नाहीत.

"अण्णा, डावीकडे."

"थांब जरा. पुढे नदी आहे."

"आपल्या गावात नदी नाही. सगळं गाव तुम्हीच मोजलंय."

"मोजलंय ना. तेव्हा मला दिसली नव्हती. तुझ्या वाट्याच्या गावात दिसतेय." त्यांच्या आवाजात इतकं कौतुक होतं, की तिनं वाद घातला नाही. "केवढं पात्र आहे, ललू! पलीकडे आपलं पिवळं दार दिसतंय. चपला काढ. साडी जरा वर धर."

ललितानं चपला काढून साडीच्या निऱ्यांसकट एका हातात घेतल्या. दुसरा हात अण्णांनी घट्ट धरला होता. तिनं पाऊल पुढे टाकलं. पाणी गार होतं, आणि घोट्याच्या वर येत होतं.